लोकरीचा पीळ

ऑक्टोबरात बर्फ सोलापूरपर्यंत पोचत नाही.
मंगळवेढ्याहून निघालेला थर्माकोलचा डबा
एस.टी.च्या इंजिनाला टेकून येतो
आणि पुजारीसाहेब झाकण काढतात तेव्हा
आत नुसतं कोमट पाणी,
त्यात बावीस नळ्या,
लेबलं धुऊन निघालेली.
आकडे नाहीत. गाव नाही.
तारीख तेवढी एका नळीवर, अर्धी.

"गेलं सगळं," साहेब म्हणाले. "फेका."

फॉर्मवर मात्र अक्षर शाबूत:
मालक धुळाप्पा करे. मुक्काम रानात.
मेंढ्या एकशे चाळीस, पैकी मेल्या सतरा.
ओठ सुजलेले, तोंडाला फेस, पाय उचलून चालतात.
संशय: निळी जीभ.
रोगाचं नाव इतकं साधं
की बालवाडीतल्या पोराला चित्र काढता यावं.

मग मला गाठी दिसल्या.
प्रत्येक नळीच्या गळ्याशी लोकरीचा एक पीळ.
काळा. पांढरा. काळ्यात पांढरा.
एक तांबूस, करपल्या भाकरीच्या कडेसारखा.
मी मागाच्या घरातली.
भिंतीपलीकडची खटखट ऐकत वाढले,
धागा तुटला की झोपेतही कळायचं.
तरी ही गाठ माझ्या ओळखीची नव्हती:
दोनदा फिरवून आत दाबलेली,
पाण्यात आणखी आवळत गेलेली.

फोन लावला. वारं, कुत्रं, मग बाईचा आवाज.
"कोण बोलायलाव?"
रक्त तपासणारी, म्हटलं, सोलापुरातनं.
"मी जक्कव्वा. ते डाक्टर लिहीत हुते, मी बांधीत हुते.
मला लिवलेलं कळत न्हाई."
मी पीळ सांगायची, ती मेंढी सांगायची:
बांडी. मुंडी. कानफाटी.
विहिरीतनं काढलेली.
आईनं दूध न दिलेली, ती बघा, पांढऱ्यात एकच केस काळा, घावला का?
घावला.
मी प्रत्येकीला आकडा दिला, एक ते बावीस.
साहेब खिडकीतून बाहेर बघत राहिले, मुद्दाम.

तीन नळ्यांतलं रक्त उन्हानं नासलेलं, ती बाजूला.
उरलेल्यांचा थेंबाहून कमी सिरम
प्लेटच्या खळग्यांत.
या चाचणीत उलटं असतं.
ज्या खळग्यात रंग भरतो ती मेंढी कोरी,
ज्यात रंग येत नाही
तिच्या रक्तानं तो विषाणू पाहिलेला असतो.
नव्या पोरांना हे मी दोनदा सांगते.
पहिल्या वर्षी मलाही वाटायचं,
पाण्यासारखं स्वच्छ म्हणजे बरं.

एकोणिसातले अकरा स्वच्छ.

पुन्हा फोन. या वेळी मागं पाण्याचा आवाज,
कळप भीमेच्या काठाला लागलेला.
तांबूस पिळाची, म्हटलं, तिला होऊन गेलाय.
"होऊन गेलाय म्हंजे?
ती तर चाललीय की, समद्यांच्या म्होरं.
मेल्याली सतरा, त्यांचं काय निघालं?"

त्यांचं रक्त आमच्याकडं आलंच नव्हतं.
हे मी बोलले की नुसता श्वास घेतला, आठवत नाही.
मग पाठ केलेलं सांगितलं: लस, चिलटं,
चिखलात बसवू नका, तिन्हीसांजेला धूर करा.
"धूर करतोच की," ती म्हणाली.
"पण रानवाला ओल्यातच बसवा म्हंतोय. खत पायजे त्याला."

अहवालाच्या नमुन्यात नावाला रकाना नाही.
मी शेऱ्यात लिहिलं: आकड्यांसाठी मालकिणीला विचारावे.

संध्याकाळी नळ्या ऑटोक्लेव्हमध्ये घातल्या.
एक पीळ सोडून ठेवावा असं वाटलं,
नियमात बसत नव्हतं, आणि गाठही सुटेना.
एकशे एकवीस अंश, पंधरा मिनिटं.
झाकण उघडलं
आणि फिनेलच्या, फ्रीजच्या, आमच्या सगळ्यांच्या वासावर चढून
ओल्या मेंढरांचा एक दाट वास
जिना उतरला, फाटकापर्यंत गेला.
वॉचमन वर आला विचारायला,
मॅडम, जनावरं आत कुणी सोडली?